पहिल्या नंबरचा फोन

कळविण्यात येते की, गेल्या पोळ्याच्या सुमारास आमच्या कुटुंबाने एक चारचाकी वाहन खरेदी केले. वाहन जुने आहे. आधीच्या मालकाने ते लेकरासारखे जपले, असे दलालाने छातीवर हात ठेवून सांगितले. दलालाच्या छातीवर विश्वास ठेवायचं माझं वय राहिलेलं नाही, पण मला तिच्या इंजिनाशी काही घेणंच नव्हतं. मी गाडी घेतली ती तिच्यात बसवलेल्या गाण्याच्या यंत्रासाठी.

मी कैलास. नोकरीभर एका सरकारी कार्यालयात राजशिष्टाचार सांभाळला. म्हणजे कार्यक्रमाला कोणी सोफ्यावर बसायचं, कोणी खुर्चीवर, कोणाच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकायचा आणि हार आधी कोणाला, हे ठरवायचं. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण एकाचं सांगितलं की बाकीची रुसतात. देश कशावर चालतो ते मला माहीत नाही, पण तो टॉवेल पाहून बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. निवृत्त झाल्यावर टॉवेल गेले, हार गेले, सोफे गेले. हातात काही म्हणजे काही उरलं नाही. अशा वेळी ही गाडी आली.

सदर यंत्राला तीन तोंडं आहेत. पहिलं म्हणजे एक फट, तिच्यात सीडी सारायची. दुसरं डोळ्यांना दिसत नाही, त्याला ब्लूटूथ म्हणतात. त्यात फोन खिशातच राहतो आणि गाणं गाडीतून निघतं. तिसरं तोंड रेडिओचं. त्याला काही सारावं लागत नाही, काही जोडावं लागत नाही, त्यामुळे आमच्या घरात त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. एक कांता सोडून. कांता म्हणजे माझी बायको. पहिल्याच दिवशी मागच्या सीटवर बसून तिनं विचारलं, "आकाशवाणी लागते का जी याच्यात?"

"लागते," मी म्हणालो. "पण आधी बाकीच्यांचं होऊ दे."

तिनं पुन्हा विचारलं नाही.

यंत्रासोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. शासन निर्णय वाचावा तशी मी ती वाचली, म्हणजे अपवाद आधी आणि नियम नंतर. त्यात लिहिलं होतं की यंत्र पाच फोन ओळखून ठेवतं, पण एका वेळी एकाशीच जुळतं. गाडी सुरू झाली की ते पहिल्या नंबरचा फोन शोधतं. तो दहा पावलांत कुठेही सापडला, तर त्याचंच वाजवतं. नाही सापडला, तर दुसऱ्या नंबरचा. हे वाक्य वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. पहिला नंबर! अहो, म्हणजे टॉवेलच की!

पहिला नंबर जावयाचा, याबद्दल आमच्या घराण्यात दुमत असण्याचं कारण नव्हतं. थोरल्या मुलीचा नवरा धनंजयराव पुलगावला असतो. त्याला खास निरोप धाडून बोलावलं. कांतानं निरांजन आणलं, मी नारळ फोडला, आणि धनंजयरावांचा फोन यंत्राशी विधिवत जोडण्यात आला.

"मामाजी, याची काय गरज होती?" तो म्हणाला, आणि फोनला लागलेलं कुंकू पुसलं नाही.

पुस्तिकेत आणखी एक सोय होती. जोडलेल्या फोनवर कोणाचा कॉल आला, तर तो यंत्रानं आपला आपण उचलायचा. मग बोलणाऱ्याचा आवाज सगळ्या गाडीत ऐकू येतो. मी ती सोय ताबडतोब चालू केली. जावयाचा फोन वाजत ठेवणं आमच्यात बरं दिसत नाही.

बातमी आंजीला पोचली. आंजीला माझा साळा चंद्रभान राहतो. कांताचा मोठा भाऊ. पन्नास माणसांत बसला तरी आपला कोणी अपमान करून राहिला का, हे तो आधी पाहतो. सापडला नाही तर बेचैन होतो. शिवाय तो खंजिरीवर भजनं म्हणतो आणि त्यानं स्वतःच्या भजनांची सीडी काढलेली आहे. ती तो लग्नात आहेर म्हणून देतो.

"आमचं काय," तो दारातूनच म्हणाला. "आमी बायकोकडचे. आमाले कोन इचारते?"

मी तत्काळ त्याची सीडी फटीत सारली. आधी चंद्रभान खाकरला, मग खंजिरी वाजली, मग भजन सुरू झालं. सीडी आत गेली ती गेलीच. बटण दाबलं, विनंती केली, चिमटा घातला, बाहेर यायला तयार नाही. मेकॅनिक म्हणाला, अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल. मी चंद्रभानला कळवलं, "तुमची सीडी आपल्या गाडीत कायमस्वरूपी ठेवण्यात आलेली आहे." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसून त्यानं विचारलं, "ते ठीक हाये. पन फोन? फोन कोनाचा पैला?"

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय सांगितलं असतं?

"तुमचाच," मी म्हणालो.

यात खोटं फारसं नव्हतं. नंबर बदलता येत होते. चंद्रभान येणार असला की मी आधी गाडीत जाऊन चष्मा लावून त्याला वर सरकवायचो आणि धनंजयरावांना खाली. पुलगावहून फोन आला की उलट. कार्यालयात याला तात्पुरती व्यवस्था म्हणतात आणि तिच्यावर अख्खे जिल्हे चालतात. दोघं एकाच वेळी आले नाहीत म्हणजे झालं.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आमची धाकटी मुलगी वर्षाली हिंगणघाटला माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथं अल्लीपूरचा रुपेश नावाचा एक तरुण शेतकरी आपल्या वावराची माती घेऊन आला. वर्षालीनं तपासली, माती चांगली होती. तो पुन्हा घेऊन आला. पुन्हा चांगली निघाली. तरी तो येतच राहिला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या शिपायाच्याही लक्षात आलं की भानगड मातीत नाही.

एक दिवस वर्षाली माझ्यापाशी येऊन बसली. आमची ही पोरगी घुमी आहे, उगाच बोलत नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "बाबा, मले रुपेश पसंत आहे. दुसरं कोनी पाहू नका. तुमाले चालन का?"

माझा ऊर भरून आला. एवढी मोठी झाली कधी! मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बेटा, या घरात तुही पसंती पैल्या नंबरवर," मी म्हणालो. आणि त्या क्षणी मी मनापासून बोलत होतो. हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे कोणी त्यावर विश्वास ठेवला नाही.

आम्ही अल्लीपूरला घर पाहायला गेलो. रुपेशची आई नाही. वडील नत्थूजी मोठे रुबाबदार गृहस्थ, धोतर पांढरंशुभ्र, बोलणं कमी आणि खर्च त्याहून कमी. निघताना त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "याच्यात फोन जोडते म्हनतात." मी इशारा ओळखला. नोकरीभर इशारेच ओळखले होते. तिथल्या तिथं नारळ मागवला, फोडला, नत्थूजींचा फोन जोडला आणि होणाऱ्या व्याह्यांना जाहीरपणे सांगितलं, "इवाई, आजपासून या गाडीत पैला नंबर तुमचा." नत्थूजींनी गावातल्या चार माणसांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

इकडे चंद्रभाननं पुण्यातल्या कंपनीतलं एक पोरगं वर्षालीसाठी पाहून ठेवलं होतं. अल्लीपूरचं कळताच तो फोनवर कडाडला, "काऊन, मामाचं पाहेलं स्थळ काय उकिरड्यावर टाकाचं हाये?" त्यालाही काहीतरी सांगणं भाग होतं. मी सांगितलं. काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. ते पुढे माझ्याच गाडीतून सगळ्यांनी ऐकलं.

अल्लीपूरकर आमच्याकडे येण्याचा रविवार ठरला. त्या सकाळी मी गाडीत जाऊन नत्थूजींचा फोन पहिल्या नंबरवर आणला आणि निश्चिंत मनानं आंघोळीला गेलो. बाहेर येऊन पाहतो तर गाडीत धनंजयराव!

"साळीले पाहाले येऊन राह्यले अन् जावई नाई, असं कसं होईन?" तो म्हणाला. "रविवारची पाळी होती, सुट्टी काढली. पन मामाजी, माहा फोन इथं दुसऱ्या नंबरवर काऊन दाखवून राह्यला?"

"मशिनची चूक," मी म्हणालो. सरकारात कोणीही हेच म्हणालं असतं. आणि त्याच्या देखतच त्याला पहिल्या नंबरवर नेलं. तो ओसरीवर गेला की परत बदलू, असा विचार होता. तेवढ्यात फाटक वाजलं. नत्थूजी आणि रुपेश वेळेच्या आधी आले होते.

बघण्याचा कार्यक्रम फार छान पार पडला. पोहे झाले, तुपातला गोरसपाक झाला, चहा झाला. रुपेशनं वर्षालीकडे पाहिलंच नाही, कारण त्याला ती पाठ होती. नत्थूजींनी तिला एकच प्रश्न विचारला, "वावरात येशीन का?" ती म्हणाली, "वावराची माती तं मले आधीच माहीत आहे." नत्थूजी हसले. त्यांनी गोरसपाकचा आणखी एक तुकडा उचलला आणि कांतानं माझ्याकडे पाहून डोळे मिटले. म्हणजे जमलं.

"आता शब्द देतो," नत्थूजी उठत म्हणाले. "पन पैले जरा गाडीत बसू. माह्या फोनात एक गानं आहे, ते तुमच्या मशिनीत वाजवून दाखवा. या पोट्ट्याचा इस्वास नाई बसत का माहा फोन पैला आहे."

पहिला नंबर अजून धनंजयरावांकडेच होता. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मी स्टेअरिंगवर बसलो. नत्थूजींना मानानं पुढे बसवलं. रुपेश मागे बसला. काचा खाली होत्या. वर्षाली आणि कांता दारात उभ्या होत्या, आणि धनंजयराव, खिशात फोन, तोंडात सुपारी, ओसरीच्या पायरीवर. गाडीपासून दहा पावलंही नाहीत.

मी किल्ली फिरवली. यंत्रानं आपलं कर्तव्य चोख बजावलं. पहिल्या नंबरचा फोन शोधला, तो ओसरीवर सापडला, जुळला. नत्थूजी आपल्या फोनवर गाणं दाबत राहिले. गाडी गप्प.

"वाजत नाई," नत्थूजी म्हणाले.

"वाजते, वाजते. वेळ लागते," मी म्हणालो.

आणि वाजलं. धनंजयरावांच्या फोनवर कॉल आला होता. तो यंत्रानं माझ्याच आदेशानुसार आपला आपण उचलला, आणि चारही दारांतल्या स्पीकरमधून चंद्रभान बोलू लागला.

"हॅलो, जावईबापू! चंद्रभान बोलतो, आर्वी नाक्यावरून. पोचूनच राह्यलो. गेले का ते अल्लीपूरवाले?"

नत्थूजींनी आपला फोन मांडीवर ठेवला.

"मले कैलासराव म्हने, तुमी काऊन टेन्शन घेता? येऊ द्या त्याईले. पोहे खाऊ घालतो, च्या पाजतो, गाडीत एक चक्कर मारतो अन् वाटे लावतो. म्हातारा म्हने चिकट हाये, पन गाडीत पुढं बसवला का खूश होते. पोरगी दोन दिवस रडन, मंग तुमचं पुन्याचंच पक्कं. हॅलो? जावईबापू?"

कॉल तोडायला लाल बटण होतं. ते मला दिसत होतं. बोट तिथपर्यंत गेलंही. पण फोन जावयाचा, बोलणारा साळा, आणि ऐकणारे इवाई. यात मधेच तोडायचं कोणाचं, हे मला ठरवता येईना. अखेर घाबरून मी भलतंच बटण दाबलं. कॉल थांबला आणि सीडी लागली. चंद्रभान खाकरला. खंजिरी वाजली. भजन सुरू झालं. मी पुन्हा बटण दाबलं, भजन थांबलं आणि कॉल परत आला.

"दोन दिवस रडन म्हने," चंद्रभान सांगत होता. "हॅलो?"

ओसरीवर धनंजयराव कानाला फोन लावून "हॅलो, हॅलो, कोन?" करत उभा होता. त्याला फोनात काहीच ऐकू येत नव्हतं. आमच्या शेजाऱ्यांनाही ऐकू आलं, पण ज्याचा फोन त्याला नाही.

मी गाडी बंद केली. मान वर करायची हिंमत झाली नाही. आरशात मागचा रुपेश दिसला. तो खिडकीतून दाराकडे पाहत होता. दारात वर्षाली ट्रे घेऊन उभी होती.

नत्थूजी माझ्याकडे वळले.

"इवाई," ते म्हणाले. "चिकट म्हटलं, ते काही खोटं नाई. आमच्या गावात कोनालेबी इचारा. वाटे लावतो म्हटलं, तेबी समजतो. पोरीचा बाप दहा जागी दहा गोष्टी बोलते. पन मले एक सांगा, हा वाजून राह्यला तो फोन कोनाचा होता?"

"धनंजयरावांचा," मी पुटपुटलो.

"अन् अल्लीपूरले चार मानसांत नारळ फोडून तुमी काय सांगतलं होतं?"

"काय सांगतलं होतं?" धनंजयराव पायरी उतरून गाडीपाशी आला होता.

"पैला नंबर माहा, असं सांगतलं होतं!" नत्थूजींचा आवाज चढला. "माहा अपमान तुमी घरात करा, बाहेर करा, पन पैला म्हनून सांगाचं अन् दुसरा ठेवाचं? हे आमच्यात चालत नाई. उठ रे रुपेश."

"तुमचा कसा पैला?" धनंजयराव म्हणाला. "मले या घरात ओवाळून जोडलं आहे. कुंकू आहे अजून फोनाले. हे पाहा!"

नत्थूजी खाली उतरले आणि दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून टपावरून भांडू लागले. मीही उतरून मधे पडलो. एवढ्या वर्षांचा अनुभव पणाला लावला. म्हटलं, दोघांनाही सहपहिला क्रमांक देता येईल. म्हटलं, पहिला अ आणि पहिला ब असं करू. म्हटलं, धनंजयरावांकडे कायम पद राहील आणि नत्थूजींना अल्लीपूर हद्दीपुरता अतिरिक्त कार्यभार देऊ. दोघंही ऐकेनात. सोयरीक तुटते आहे, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्यातही मी विचार करत होतो की आधी कोणाची समजूत काढणं योग्य ठरेल.

तेवढ्यात वर्षाली पायऱ्या उतरून आली. तिनं ट्रे अंगणातल्या खाटेवर ठेवला.

"मले तं तुमी म्हटलं होतं, माही पसंती पैली," ती म्हणाली.

टपावरचं भांडण थांबलं.

"बेटा, ते मी..."

"मामालेबी पैला म्हटलं. भाऊजीलेबी. यांलेबी. मीबी त्याच रांगेत होती का बाबा?" ती रडली नाही. "दोन दिवस रडन म्हटलं ना तुमी? कोनत्या हिशोबानं म्हटलं?"

पोटच्या पोरीनं भर अंगणात बापाला हिशोब विचारला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दोन दिवस हा आकडा मी चंद्रभानला बरं वाटावं म्हणून सांगितला होता. त्याला आणखी बरं वाटलं असतं तर एक दिवस म्हटलं असतं.

कांता दारातून खाली आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, नेहमीसारखंच. मग नत्थूजींना म्हणाली, "तुमी मनावर घेऊ नका जी. यांचं हे असंच आहे. जो जवळ आला त्याचं वाजते. दूर गेला का बंद."

"किल्ली द्या," वर्षाली म्हणाली.

मी दिली. ती स्टेअरिंगवर बसली. आईला म्हणाली, "आई, पुढं बस." कांता क्षणभर घुटमळली. गाडी घेतल्यापासून ती पुढे बसली नव्हती, कारण पुढे नेहमी कोणीतरी मानाचं असायचं. मग पदर सावरून बसली. रुपेश मागे होताच. वर्षालीनं गाडी सुरू केली, यंत्राच्या पडद्यावर चारदा बोट टेकवलं, आणि आतून खरखर करत बातम्या ऐकू आल्या. फाटकातून गाडी बाहेर पडली तेव्हा हवामान सांगायला लागले होते.

अंगणात आम्ही तिघं राहिलो. नत्थूजी एका कोपऱ्यात, धनंजयराव दुसऱ्या, आणि मी मधे, दोघांपासून समान अंतरावर. तेवढ्यात मोटरसायकलवर चंद्रभान आला. उतरला, अंगणाकडे पाहिलं, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "माही सीडी वाजवली का नाई पाहुन्याईपुढं?"

"वाजवली," मी म्हणालो. "दोन्हीकडून वाजवली."

गाडी परत आली तेव्हा आमचा चहा दुसऱ्यांदा थंड झाला होता. तिघंही उतरले. कांताच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मी आमच्या लग्नाच्या फोटोतच पाहिलं होतं.

"ठरलं," ती म्हणाली. "यांचं यांनी ठरवलं. मी हो म्हटलं. उन्हाळ्यात लग्न."

"असं कसं ठरलं?" नत्थूजी म्हणाले. "पैल्या नंबरचं काय?"

"काकाजी, मी मशिनीतले सगळेच फोन पुसले," वर्षाली म्हणाली. "एकबी ठेवला नाई."

नत्थूजी विचारात पडले. त्यांनी हळूच विचारलं, "या जावयाचाबी पुसला?"

"त्यांचाबी."

"मंग हरकत नाई," नत्थूजी म्हणाले आणि खाटेवर टेकले.

"यांचाबी पुसला ना पन?" धनंजयरावांनी खात्री करून घेतली. "मंग माहीबी काही तक्रार नाई."

चंद्रभानचीही तक्रार नव्हती. फोन सगळ्यांचे गेले, पण आपली सीडी आत आहे आणि ती काढायची तर डॅशबोर्ड खोलावा लागतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पुण्याच्या स्थळाचा त्यानं पुन्हा विषयही काढला नाही. या सगळ्यांना काय हवं होतं ते माझ्या आत्ता लक्षात आलं. आपण पहिले नसलो तरी चालतं, दुसरा कोणी नको. हे नोकरीत असताना कळलं असतं, तर टॉवेलचा केवढा तरी खर्च वाचला असता.

नत्थूजींनी शब्द दिला. गोरसपाकचा उरलेला डबाही घेतला.

वर्षाली आता माझ्याशी बोलते, पण आईमार्फत. मी समोर बसलेला असतो आणि ती विचारते, "आई, बाबांले च्या पायजे का?" कांता मला विचारते. मी कांताला सांगतो. आणि चहा येतो, साखरही बरोबर असते. एकदा मी गाडीत तिच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "बेटा, तुहा फोन जोडून देऊ का? एकटा तुहाच. शपथ." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "नको बाबा," ती म्हणाली. "रेडिओच बरा. त्याले मानूस पाहून बोलता येत नाई."

ते मला लागलं. चांगलंच लागलं. त्या संध्याकाळी मी ठरवलं की हा धंदा बंद. यापुढे सगळ्यांना एकच सांगायचं आणि खरं तेच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी अल्लीपूरहून फोन आला. नत्थूजी इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "इवाई, सगळ्याईचे पुसले ते बरंच झालं. पन लग्नात नवरदेव त्याच गाडीत येईन. तवा जर एखादा फोन जोडाचं ठरलं..." एवढ्या मायेनं विचारलं माणसानं. आता पोरीचा होणारा सासरा. लग्नाच्या तोंडावर त्याला नाही कसं म्हणायचं? मी म्हणालो, तुमचाच जोडीन, पण कोणाला बोलू नका. मग पुलगावचा फोन आला. मग आंजीचा. त्यांनाही मी तेच सांगितलं, शब्दही तेच. सगळ्यांना एकच सांगायचं, हा माझा निश्चय तेवढा मी पाळला.

तर लग्न उन्हाळ्यात आहे. पत्रिका येईलच, पण तिची वाट पाहू नका. तुमच्यासारखी माणसं आल्याशिवाय कार्याला शोभा नाही. स्टेशनवर मी स्वतः गाडी घेऊन येईन, तुम्हाला पुढच्या सीटवर बसवीन आणि तुमचा फोन पहिल्या नंबरवर जोडीन. नारळ आणून ठेवला आहे. बाकीच्या वाचकांना तेवढं हे सांगू नका. तुम्ही सांगणार नाही, याची मला खात्री आहे. आतापर्यंत कोणीच सांगितलेलं नाही.